माजी सैनिक सभासदांनी दवाखान्याचे कोणते कार्ड ठेवावे?

आपल्या कारखान्याच्या भागधारकांची यादी चाळली तर नावापुढे नाईक, हवालदार, सुभेदार असे लिहिलेले बरेच सभासद सापडतील. यात नवल काही नाही. घाटावरच्या घराघरांत एक भाऊ शेतीवर, एक पलटणीत आणि एक मुंबईच्या गिरणीत, अशी वाटणी दोन-तीन पिढ्या चालत आली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर ‘सैनिक टाकळी’ हेच नाव पडले. पलटणीतून पेन्शनीवर आलेला माणूस पुष्कळदा गावी न थांबता लालबाग-परळला भावाच्या खोलीवर गेला आणि गिरणीच्या नाहीतर बँकेच्या दारावर वॉचमन म्हणून उभा राहिला. ऊस गावी, शेअर गावी, बिऱ्हाड मात्र मुंबईत, असे सभासद आजही आपल्याकडे आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. गावाकडून मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्यांनीही तो वाचून ठेवावा.

हा विषय आताच घेण्याचे कारण असे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षे आणि त्यापुढच्या सर्वांना खुली केली. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार. या कार्डाला ‘वय वंदना’ असे नाव आहे. चाळीतली, मंडळाची पोरे टेबल मांडून म्हाताऱ्या माणसांची कार्डे काढून देतात, आणि ते चांगलेच काम आहे. “बाबा, फुकट आहे, काढून टाका,” असे त्यांचे म्हणणे. पण लष्कराची पेन्शन घेणाऱ्या सभासदाच्या बाबतीत हे अंगठा लावून मोकळे होण्याचे काम नाही. सरकारने यात एक अट घातली आहे. ज्यांना केंद्राच्या कर्मचाऱ्यांची, निमलष्करी दलांची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, त्यांनी एक तर आपली जुनी योजना ठेवायची, नाहीतर आयुष्मान घ्यायची. दोन्ही हातांत दोन लाडू नाहीत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, मग कारणे देतो. बहुतेक माजी सैनिकांनी आपली जुनी योजना सोडू नये.

ही जुनी योजना म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, जिला सगळे ई.सी.एच.एस. म्हणतात. ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्याआधी पेन्शनर जवानाला सैनिकी रुग्णालयात जागा असली तर उपचार मिळायचा, नसली तर पदरचे पैसे घालून बाहेर. ई.सी.एच.एस. आल्यापासून पॉलिक्लिनिक, तिथले डॉक्टर, तिथली औषधे, आणि मोठे दुखणे असेल तर करार केलेल्या खाजगी रुग्णालयात उपचार, अशी साखळी तयार झाली. १ एप्रिल २००३ नंतर पेन्शनवर आलेल्यांना सभासदत्व सक्तीचे आहे; त्यांची वर्गणी निवृत्तीच्या वेळीच कापली जाते. त्यामुळे काही सभासदांना आपण या योजनेत आहोत हेच धड ठाऊक नसते. कपात झालेली असते, कार्ड मात्र काढलेले नसते. उसाच्या बिलातून कपात झाली की आपण कारखान्यात येऊन जाब विचारतो; इथे वीस वर्षे कोणी विचारले नाही!

वर्गणी एकदाच भरायची, दरवर्षी नाही. २९ डिसेंबर २०१७ पासूनचे दर असे: शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० रुपये (मानद नायब सुभेदार, मानद लेफ्टनंट व कॅप्टन यातच आले), आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. रुग्णालयातली खोलीही त्याप्रमाणेच, म्हणजे पहिल्यांना जनरल वॉर्ड, दुसऱ्यांना अर्ध-खाजगी, तिसऱ्यांना खाजगी. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. पासष्टची आणि एकाहत्तरची लढाई पाहिलेले आपले जे थोडे वडीलधारे सभासद उरले आहेत, ते याच गटातले. त्यांच्यापैकी कोणाचे कार्ड नसेल तर घरच्यांनी आधी ते काम हातात घ्यावे. एक पैसा लागत नाही.

आता या दोन कार्डांत फरक काय, ते नीट समजून घेऊ.

आयुष्मानचे कार्ड मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर कामाला येते. ऑपरेशन, अँजिओप्लास्टी, मोडलेले हाड, अशा गोष्टी त्यात होतात. पण रोजच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, डॉक्टरला नुसते दाखवून येणे, हे त्यात बसत नाही. आणि म्हातारपणी माणसाचा खिसा रिकामा होतो तो कशाने? ऑपरेशन आयुष्यात एक-दोनदा. गोळ्या रोज. रक्तदाबाची एक, शुगरच्या दोन, रक्त पातळ करण्याची एक. (साखर कारखान्याच्या अंकात शुगरबद्दल लिहायला आम्हालाही जरा अवघडल्यासारखे होते, पण दुखणे घरोघरी आहे.) समजा नवरा-बायको दोघांच्या औषधांना महिन्याला २,००० रुपये लागतात. वर्षाचे २४,००० झाले. ई.सी.एच.एस.च्या पॉलिक्लिनिकमध्ये ही औषधे मिळतात, दातांचा डॉक्टर मिळतो, कानाच्या यंत्राची सोय आहे. तोफखान्यात नोकरी केलेल्या माणसाला शेवटच्या गोष्टीचे मोल आम्ही सांगायला नको.

दुसरा फरक रकमेचा. आयुष्मानला वर्षाला ५ लाखांची मर्यादा आहे, आणि घरात सत्तरीच्या पुढची दोन माणसे असली तर ती दोघांत मिळून. ई.सी.एच.एस.मध्ये खर्चाला अशी वरची मर्यादा नाही. कॅन्सर किंवा मूत्रपिंडाचे दुखणे एकदा दारात आले की ५ लाख किती दिवस पुरतात, हे ज्यांनी टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर रात्री काढल्या आहेत त्यांना विचारावे.

तिसरा फरक घरधनिणीचा, आणि आम्हाला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वय वंदना कार्ड ज्याचे त्याला, सत्तर पूर्ण झाल्यावर. नवरा बहात्तरचा आणि बायको चौसष्टची असेल तर ती त्यात येत नाही. आपल्याकडे नवरा-बायकोच्या वयात आठ-दहा वर्षांचे अंतर सर्रास आहे. ई.सी.एच.एस.मध्ये मात्र बायको वयाची अट न लावता सभासद असते, आणि नवऱ्याच्या मागे कुटुंब पेन्शन घेताना तिचा हक्क चालू राहतो. तिचा हा हक्क उभा आहे तो नवऱ्याच्या सेवेवर. म्हणून टेबलावरच्या फॉर्मात “मी जुनी योजना सोडतो” असे एक टिकमार्क करताना तिलाही शेजारी बसवावे. आणि नंतर मन बदलले तर परत येता येईल, असे धरून चालू नये.

मग कोणी आयुष्मान घ्यावेच नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्याकडे लष्कराची पेन्शन नाही, म्हणून ई.सी.एच.एस.ही नाही, त्यांनी सत्तरीला ते कार्ड जरूर काढावे. ज्यांचा खाजगी विमा आहे किंवा जे कामगार विमा योजनेत आहेत त्यांनाही ते घेता येते. त्यांच्यावर निवडीची सक्ती नाही. आणि एखादा माजी सैनिक पॉलिक्लिनिकपासून फार दूर राहतो, त्याला रोजचे औषध काही नाही, बायकोही सत्तरीच्या पुढची आहे आणि आयुष्मानचे रुग्णालय मात्र कोपऱ्यावर आहे, तर त्याचा हिशेब वेगळा निघू शकतो. लालबाग-गिरगावात राहणाऱ्याला हे दूरपणाचे कारण लागू होत नाही.

तरीसुद्धा ई.सी.एच.एस.च्या तक्रारी नाहीत असे कोण म्हणेल? रांगा आहेत. लिहून दिलेल्या पाचांतली दोन औषधे संपलेली असतात. मग पॉलिक्लिनिक ठरवून दिलेल्या औषध दुकानातून मागवून देते, म्हणजे आणखी एक खेप. २०१५ साली महालेखापरीक्षकांनी या योजनेची तपासणी केली तेव्हा औषधांच्या तुटवड्यावर आणि रुग्णालयांच्या बिलांवर ताशेरे मारले होते. सरकारकडून बिले थकली की काही खाजगी रुग्णालये कार्ड पाहून “बेड नाही” म्हणतात, अशी कुरकुर आम्हीही ऐकली आहे. यावर उपाय एवढाच, की दुखणे अंगावर येण्यापूर्वी आपल्या भागातली करारातली रुग्णालये कोणती, याची ताजी यादी काढून ठेवावी. ही यादी बदलत राहते. दोन वर्षांपूर्वी चुलत्याला जिथे घेतले तिथे आज घेतीलच असे नाही.

मुंबईत ही साखळी कशी चालते ते सांगतो. कुलाब्याला आर. सी. चर्चच्या बाजूला नौदलाचे आय.एन.एच.एस. अश्विनी हे मोठे रुग्णालय आहे. मुंबईतल्या पॉलिक्लिनिकांपैकी एक त्याच भागात आहे, आणि गिरगाव ते दादर या पट्ट्यातल्या सभासदांना ते सोयीचे पडते. लालबागचा माणूस चिंचपोकळी किंवा करी रोडला गाडीत बसून शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो आणि पुढे बस धरतो. गिरगावचा माणूस चर्नी रोडहून चर्चगेटला. कोल्हापूर-सांगलीकडून महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरणाऱ्याला तर थेट जाता येते. कार्ड गावाकडच्या पॉलिक्लिनिकला जोडलेले असले तरी मुंबईच्या पॉलिक्लिनिकमध्ये ते चालते, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मुलाकडे महिनाभर राहायला आलेला म्हातारा म्हणूनच औषधावाचून दिवस काढतो. तसे करण्याचे कारण नाही.

आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरलचा कागद, मग रुग्णालय, हा नेहमीचा क्रम. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना यात सवलत असून करारातल्या रुग्णालयातल्या डॉक्टरला ते थेट दाखवू शकतात. बाकीच्यांनी हा क्रम मोडू नये. आमच्या पाहण्यात जे क्लेम अडकतात ते बहुधा इथेच. परळला नातेवाईक राहतो, त्याची ओळख आहे, म्हणून माणूस सरळ एखाद्या रुग्णालयात जाऊन भरती होतो आणि आठ दिवसांनी बिल घेऊन पॉलिक्लिनिकच्या दारात उभा राहतो. उसाची नोंद न करता गाडी गव्हाणीवर आणून उभी केली तर आपण काय म्हणतो? टाटा किंवा के.ई.एम.सारख्या ठिकाणी जायचे असेल तरी आधी पॉलिक्लिनिकचा कागद हातात घ्या आणि तिथे पैसे भरावे लागतील की नाही, हे त्याच खिडकीवर विचारून घ्या.

आणीबाणीची गोष्ट वेगळी. छातीत कळ आली, पक्षाघाताचा झटका आला, अपघात झाला, तर कागदाची वाट पाहू नये. करारातले जवळचे रुग्णालय गाठावे. पॉलिक्लिनिकला कळवणे त्यांचे काम. ते जवळ नसेल तर कोणतेही रुग्णालय चालेल, पण मग ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला आपण कळवायचे. तिथले बिल आधी आपण भरायचे आणि नंतर सरकारी दराने परत मागायचे. सरकारी दर आणि मुंबईच्या खाजगी रुग्णालयाचे दर यांत किती अंतर असते ते सांगायला नको. मधली रक्कम आपल्या अंगावर पडते. म्हणून खोलीच्या भिंतीवर, कालनिर्णयच्या शेजारी, दोन रुग्णालयांची नावे आणि पॉलिक्लिनिकचा फोन मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. सूनबाईला हे ठाऊक पाहिजे. सासऱ्याला झटका येतो तेव्हा मुलगा कामावर असतो.

अजून एक गट आहे, ज्याने आजवर ई.सी.एच.एस. घेतलेलीच नाही. १ जानेवारी १९९६ ते ३१ मार्च २००३ या काळात पेन्शनवर आलेल्यांना सक्तीही नव्हती आणि माफीही नाही. यांतले बरेच जण महिना १,००० रुपयांचा ठरावीक वैद्यकीय भत्ता घेतात. ई.सी.एच.एस. घेतली की हा भत्ता बंद होतो, म्हणून “हातचे कशाला सोडा” असा विचार. हिशेब करून पाहू. हवालदाराला एकदाचे ३०,००० भरायचे आणि वर्षाचे १२,००० सोडायचे. पाच वर्षांत ९०,००० रुपये झाले. आकडा लहान नाही हे खरे. पण हे सभासद आता पासष्ट-सत्तर-पंचाहत्तरच्या घरात आहेत, आणि या वयात गुडघा बदलायचा म्हटले तरी खाजगी रुग्णालयात एवढ्यात भागत नाही. शिवाय ई.सी.एच.एस. घेताना वय विचारत नाहीत, आधीचे दुखणे आहे म्हणून नाकारत नाहीत. खाजगी विम्यात याच दोन प्रश्नांवर गाडी अडते. तब्येत ठणठणीत असेल तोवर भत्ता गोड वाटतो. आम्ही असतो तर पैसे भरले असते.

मुंबईतल्या सभासदांचा आणखी एक प्रश्न नोकरीतून येतो. पेन्शनवर आल्यावर सिक्युरिटीत लागलेल्यांच्या पगारातून कामगार विम्याची कपात होते. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ती सक्तीची आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. यात निवड करायला वाव नाही, आणि तक्रार करण्यासारखेही काही नाही. खाजगी नोकरी लागली म्हणून ई.सी.एच.एस.चे कार्ड परत करण्याचेही कारण नाही. मात्र एका गोष्टीवर भिस्त ठेवू नये: हा विमा नोकरीला बांधलेला आहे.

हे गिरणगावाला वेगळे सांगायला नको. एके काळी लालबाग-परळच्या घराघरांत कामगार विम्याचे कार्ड होते आणि परळचे महात्मा गांधी रुग्णालय हे आपले हक्काचे रुग्णालय होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पुष्कळ कामगार परत कामावर जाऊ शकले नाहीत, आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. पगाराबद्दल, खोल्यांबद्दल खूप लिहिले गेले. विम्याबद्दल कमी लिहिले गेले. कपात थांबली की काही महिन्यांनी दवाखान्याचा हक्कही संपतो, हे त्या घरांना पन्नाशीच्या माणसाला दमा लागल्यावर कळले. ज्या घरात एक भाऊ गिरणीत आणि एक पलटणीत होता, तिथे दोघांच्या म्हातारपणातला फरक आम्ही पाहिला आहे. आज त्याच गिरण्यांच्या जागेवर उभ्या असलेल्या इमारतींच्या दारात आपले पेन्शनर उभे असतात. ठेकेदार बदलला की नोकरी गेली आणि विमाही गेला. मात्र एक सोय लक्षात असू द्या: कामगार विम्यात किमान पाच वर्षे काढून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी औषधोपचार चालू ठेवता येतो. ज्या भावाकडे ई.सी.एच.एस. नाही त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

ई.सी.एच.एस.मध्ये घरातली कोण माणसे येतात, याबद्दलही गैरसमज आहेत. पत्नी, पंचवीस वर्षांच्या आतला बेकार अविवाहित मुलगा, अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित आणि अवलंबून असलेली मुलगी, अपंग अपत्य, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले आई-वडील, एवढीच. ही मर्यादा महिना ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता अशी आहे. लग्न झालेला मुलगा, सून, नातवंडे यात नाहीत. म्हणजे एकाच दहा बाय बाराच्या खोलीत म्हाताऱ्यांना संरक्षण आणि कमावत्यांना काहीच नाही, अशी उलटी स्थिती होते.

त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा कुटुंबाला दीड लाखाचे संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून ते ५ लाख झाले आणि पांढऱ्या रेशन कार्डासह सगळ्या कुटुंबांना योजना खुली झाली. इथेही भरती होऊन घ्यायचे ठरावीक उपचारच मिळतात. यासाठी रेशन कार्डावर सुनेचे आणि नातवंडांचे नाव असावे. पुष्कळांचे रेशन कार्ड गावी, आणि त्यात लग्नानंतर कोणाचे नाव चढवलेले नसते. पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा तहसील कचेरीतले हे काम उरकून घ्या.

दुसरी वाट खाजगी मेडिक्लेमची. आपल्या देशात ही पॉलिसी १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणली. आता नियम थोडे माणसाच्या बाजूने झाले आहेत. २०२४ पासून आधीच्या दुखण्यासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. पूर्वी ती चार होती. साठीच्या पुढच्यांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला नियामकाशी आधी बोलावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जी.एस.टी. नाही. तरीही ई.सी.एच.एस. असलेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाची पॉलिसी काढायला एजंट आला तर आम्ही म्हणू, तेच पैसे मुलाच्या आणि सुनेच्या पॉलिसीला लावा. त्यांच्या वयात हप्ता कमी बसतो आणि थांबण्याची मुदत धडधाकट असतानाच निघून जाते. पॉलिसी घेताना खोलीभाड्याची मर्यादा किती आणि बिलातला आपला हिस्सा किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. आणि पेन्शनच्या बँक खात्याबरोबर मिळणारा अपघात विमा हा आरोग्य विमा नव्हे. “बँकेने लाखांचा विमा दिलाय” असे सांगणारे आम्हाला भेटतात. तो अपघाताचा असतो, मोतीबिंदूचा नाही.

सभासदांच्या मुलांपैकी जे २०२२ नंतर अग्निवीर म्हणून भरती झाले त्यांच्या घरच्यांना एक स्पष्ट सांगणे आहे. चार वर्षांनी जे बाहेर पडतील त्यांना पेन्शन नाही आणि ई.सी.एच.एस.ही नाही. आजा पलटणीत होता, त्याला कार्ड आहे, म्हणून नातवालाही मिळेल, असे गृहीत धरू नये. सेवानिधीची रक्कम हातात आली की ट्रॅक्टरचा विचार सुचणे साहजिक आहे. त्यातून आधी एक साधी आरोग्य पॉलिसी काढावी, मग ट्रॅक्टर.

राहिली कागदपत्रे. बहुतेक अडथळे दुखण्याचे नसतात, नावाचे असतात. डिस्चार्ज बुकात पत्नीचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पेन्शनच्या आदेशावर जन्मतारीखच नाही, असा प्रकार नेहमीचा. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसमधून होते. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचे ते बेळगावला आहे. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. ही दुरुस्ती जवान हयात असताना सोपी असते. त्याच्या मागे एकट्या बाईला तीच गोष्ट करायला वर्ष लागते, आणि तेवढे दिवस तिचे कार्डही अडकून पडते. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, दोघांची आधार कार्डे आणि ई.सी.एच.एस.ची कार्डे, यांची एक झेरॉक्स गावच्या पेटीत आणि एक मुंबईच्या खोलीवर ठेवावी. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर लागली आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.